शून्य तासाचा नमुना

गुरुवारी आमच्याकडे वीज जाते.
भोसरीत हे सगळ्यांनाच ठाऊक,
रसवंतीवाला बुधवारीच जास्तीचा बर्फ भरून ठेवतो.
आम्ही विसंबलो यंत्रावर,
आणि यंत्र बॅटरीवर.

रक्तातलं औषध मोजताना
प्रत्येक नळीत आम्ही त्याचाच एक जुळा सोडतो.
तोच सांगाडा, तोच स्वभाव,
फक्त तीन हायड्रोजनच्या जागी तीन ड्युटेरियम,
तिघांच्या खिशात एकेक न्यूट्रॉन जास्त.
ढवळताना, गाळताना, सुकवताना
औषध जेवढं सांडतं, तेवढाच तोही सांडतो.
शेवटी उरलेल्या दोघांना शेजारी उभं करून
गुणोत्तर काढायचं.
किती हरवलं ते कळत नाही.
सारखंच हरवलं, एवढं पुरतं.
जड असूनही कॉलममधून
तो केसभर आधीच बाहेर येतो.
का, ते मला पाठ आहे,
तरी दर वेळी बघते.

स्वयंसेवक सतरा.
नाव आमच्यापर्यंत येत नाही.
येतात नळ्या, आणि नळ्यांवरची वेळ:
शून्य तास, अर्धा, एक, दोन, चार.
शून्य म्हणजे गोळीच्या आधीचं रक्त,
रात्री पुसून भिंतीला टेकवलेल्या परातीसारखं.

सतराच्या शून्यात औषध निघालं.

शिखर लहान, पण स्वच्छ.
गोडांबे सर चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले,
आधीच कुठेतरी गिळून आलाय.
दोन-दोन ठिकाणी नावं घालतात हे लोक, पैशांसाठी.
काढा त्याला. मानधन थांबवा.
मी कारणाच्या रकान्यात पेन टेकवलं,
"संश" एवढं लिहूनही झालं.

नसरीन तांबोळी डबा घेऊन जेवायलाच निघाली होती.
सरांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत म्हणाली,
सर, पण याचा जुळा का खुजा?

मग कुणीच जेवलं नाही.
ट्रेमध्ये सतराची कुपी शेवटची.
वीज गेली सकाळी दहाला, आली चारला.
गारवा बॅटरीवर नव्हता,
तो जोडायचा राहून गेला होता, कोणाकडून ते सोडा.
सहा तास, एप्रिल, आम्लात.

नसरीनने एक नवी कुपी भरली.
रक्त नाही, औषध नाही,
पाणी, आम्ल आणि आमचा जुळा, बस.
खिडकीच्या कठड्यावर ठेवली,
जिथे आमच्या गाडग्यातला ओवा करपतो.
दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यंत्राला पाजली.
तेच शिखर. तिथेच.

त्याने वजनं उतरवून ठेवली होती.
कार्बोनिलशेजारचा तो कार्बन,
तिथे कायमचं कोण राहतं?
अकरा महिन्यांच्या करारावरची खोली ती.
ड्युटेरियम एकेक करून पाण्यात निघून गेले,
पाण्यातले साधे हायड्रोजन सामान घेऊन आले,
आणि जुळा औषधच झाला.
साक्षीदार उठला
आणि आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला,
आम्ही नाव घेतलं सतराचं.

नवा जुळा सात आठवड्यांनी आला.
आता खूण बेंझीनच्या कड्यावर,
जिथून आम्लाला ती सहजी सुटत नाही.
पाच मिलिग्रॅम, कुपीच्या बुडाशी धुकं असावं तितके,
आणि किंमत सरांच्या स्कूटरएवढी.
सर त्या दिवशी कोणाशी बोलले नाहीत,
फक्त ट्रेची वायर स्वतः वाकून जोडली.

सतराला यातलं काही कळलं नाही.
पैसे वेळेवर गेले, असं हिशेबवाले म्हणतात.

आमच्या नोंदवहीत खाडाखोड चालत नाही.
चुकलं तर एकच रेघ मारायची,
खालचं वाचता येईल अशी,
शेजारी सही, तारीख.
मी तशी मारली.
पंधरा वर्षं जपायची असते ती वही.
रेघेखाली अजून स्पष्ट दिसतं, माझ्याच वळणात,
"संश".